कोरे गहू

आमच्या घरी गव्हाला एरंडेल चोळायची पद्धत आईने आणली आणि तिचा विचका मी केला. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात हा किस्सा निघतो तेव्हा माझा भाग नेहमी गाळला जातो. एवढीशी होती ती, तिला काय कळतंय, असं म्हणून मला सोडून देतात. मी एवढीशी नव्हते. अकरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही सुरतेत, उधन्याला, एका रो-हाउसमध्ये राहायचो. वडील मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीतली अर्धी घरं आमच्यासारखी खानदेशातून आलेली, बहुतेक कापडाच्या लूमवर कामाला, उरलेली सुरती. आईला मनापासून सुरती व्हायचं होतं. तिची गुजराती ऐकून शेजारच्या बा तोंडाला पदर लावून हसायच्या, पण हसता हसता शिकवायच्याही. त्यांनी तिला पापडी निवडायला शिकवलं, उंधियू शिकवलं आणि वर्षाच्या गव्हाला दिवेल लावायला शिकवलं. दिवेल म्हणजे आपलं एरंडेल. त्याने किडे लागत नाहीत. गावी आमचे लोक कोठीत गव्हासोबत कडुनिंबाचा पाला घालायचे. आईला तो प्रकार आता गावठी वाटायला लागला होता.

"तेल तळहाताला लावायचं आणि गव्हातून हात फिरवायचा," बांनी बजावलं होतं. "दाणा नुसता चमकला पाहिजे. बस, एटलुंज."

चैत्रातल्या एका सकाळी गच्चीवर चादर अंथरून आई आणि मी बसलो. अर्धे गहू चोळून झाले आणि खाली दूधवाल्याने हाक मारली. आई उठून गेली. बाटलीत बरंच तेल उरलं होतं. थेंब थेंब हाताला लावत बसायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी बाटली सरळ उपडी केली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. आई वर आली तेव्हा गहू कल्हई केल्यासारखे चमकत होते.

"किती छान चोळलेस गं," ती म्हणाली.

मी ते कौतुक निमूट पदरात पाडून घेतलं. पुढे पोळ्यांना कसलासा वास येतो म्हणून वडिलांनी दोनदा विचारलं. आईने ते सुरतेच्या पाण्यावर ढकललं.

आता घटाचं सांगते. आमच्या कुळाचा घट गावी, अमळनेरजवळ, मोठ्या काकांकडे बसायचा. नवरात्राच्या पहिल्या दिवशी मातीत गहू पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेलं मडकं ठेवायचं आणि शेजारी नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा. दसऱ्यापर्यंत वीतभर कोंब येतात. ते बायका केसांत माळतात आणि पुरुष टोपीत खोवतात. कोंब दाट आले की वर्ष चांगलं जाणार असं मानतात. बावीस वर्षं हा घट काकांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मायने, पेरला. तिच्या हाताला यश आहे असं गाव म्हणायचं. मग काका गेले. त्या वर्षी घट बसलाच नाही. दुसऱ्या वर्षी भाऊबंदांनी एकत्र बसून ठरवलं की विधवा बाईच्या हातचा घट चालत नाही, तेव्हा सुरतेच्या धाकटीने, म्हणजे आईने, बसवावा.

माझे एक चुलत आजोबा मात्र अडून बसले. त्यांचे मुलगे लिंबायतला लूमवर होते, त्यामुळे सुरत त्यांना ठाऊक होती आणि अजिबात आवडत नव्हती. फरशीच्या घरात, गिरण्यांच्या धुरात देवी बसत नाही, घट माझ्या घरी गावातच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली. यंदा सुरतेत बसू दे, दसऱ्याला सगळे सोनं द्यायला जातील तेव्हा बघतील. नीट उगवला तर घट कायमचा आमच्याकडे. नाहीतर आजोबांकडे.

"तिकडे गेला की परत यायचा नाही," आई वडिलांना म्हणाली. "जीजींनी बावीस वर्षं सांभाळला आणि मी एका वर्षात घालवला, असं होईल." मोठ्या मायला ती जीजी म्हणायची.

तयारी तिने जीव ओतून केली. वडिलांनी स्कूटरवरून तापीकाठची काळी माती आणली. गावी माती टोपलीत घालत, पण आमची लादी नवी होती आणि टोपलीतून पाणी झिरपून तिच्यावर डाग पडले असते. म्हणून आईने स्टीलची परात घेतली आणि स्वयंपाकघरात मांडली. गहू घरच्याच डब्यातले, चांगले निवडून. एकही दाणा किडका नव्हता. किडका असणारच कसा?

पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खरं म्हणजे हिरवी टोकं दिसायला हवीत. दिसली नाहीत. आईने पाणी वाढवलं.

आता माझे वडील वर्गात दरवर्षी एक प्रयोग करायचे. काचेच्या पट्टीला वालाचे तीन दाणे बांधायचे आणि पट्टी ग्लासात उभी करायची. खालचा दाणा पाण्यात बुडालेला, वरचा पार कोरडा आणि मधला पाण्याच्या रेषेवर. चार दिवसांत मधल्याला मोड येतो, बाकीचे दोघे तसेच. पाणी हवं, हवा हवी, ऊब हवी, असं ते बोटं मोजत सांगत. त्या संध्याकाळी ते परातीसमोर वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी जास्त होतंय. बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही."

"तुमच्या ग्लासातली देवी नाही ही," आई म्हणाली.

आईशी वाद घालायची वडिलांना हौस नव्हती. पण स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून त्यांनी मला डब्यातले दहा गहू आणायला सांगितलं. ओल्या रुमालात गुंडाळून ठेवू, म्हणजे खोट बियाण्यात आहे की मातीत ते कळेल. मी डब्यात हात घातला तर दाणे बोटांतून निसटत होते. रुमालावर पाणी शिंपडलं तेव्हा दाण्यांवरून थेंब घरंगळून गेले, अळूच्या पानावरून जातात तसे. ती उपडी केलेली बाटली मला लख्ख आठवली. तरी मी तोंड उघडलं नाही. आजही त्याचा मला राग येतो.

चौथ्या दिवशी परातीला आंबूस वास यायला लागला आणि मातीवर पांढरी बुरशी धरली. आईने तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. बांनी बाहेरच्या ओट्यावरून विचारलं, घट कसा आहे, तर म्हणाली, "बहु सरस!" आणि आत येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. एरवी ती बांना मीठ किती घालू हेसुद्धा विचारायची. पण ही गोष्ट विचारली असती तर आपल्याला घट बसवता येत नाही हे गल्लीभर झालं असतं, असं तिला वाटलं.

मोठी माय अष्टमीला येणार होती. ती पाचव्या दिवशीच सकाळच्या पॅसेंजरने येऊन दारात उभी राहिली. घर खायला उठलं होतं, एवढंच म्हणाली. हातात पिशवी आणि पिशवीत फडक्याची एक पुरचुंडी. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि तिथेच बसली. आत आली नाही.

"या ना आत," आई म्हणाली.

"नको. आठूनच दर्शन लेस."

तिथून तिला मडकं दिसत होतं, दिवा दिसत होता आणि झेंडूच्या पाकळ्या दिसत होत्या. ती बराच वेळ बघत राहिली. बावीस वर्षं स्वतः पेरलेले कोंब बघणाऱ्या बाईला पाकळ्यांनी काय फसवणार? आईचा धीर सुटला. "काहीच आलं नाही हो जीजी," म्हणाली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. आईला असं हमसून रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मोठ्या मायने मला मातीतला एक दाणा काढून आणायला सांगितलं. बोटांत चिरडून पाहिला. आत नुसता लगदा. मग गव्हाचा डबा मागवला, मूठभर गहू घेतले, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"येले काय लायेल शे?"

"दिवेल," आई डोळे पुसत म्हणाली. "इकडे सगळेच लावतात."

"इतलं?"

वडिलांनी रुमाल आणून उलगडला. दहांतल्या एका दाण्याला कसंबसं पांढरं टोक आलं होतं. बाकीचे नऊ तसेच चकचकीत. तेलाचा थर बसला की दाण्याला पाणी मिळत नाही आणि हवाही मिळत नाही, असं वडील सांगायला लागले. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बाटली ओतली होती. सगळी."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मार बसला असता तर बरं झालं असतं.

"जाऊ दे," मोठी माय म्हणाली. "पोर खरं बोलनी."

नेमक्या तेव्हा मागच्या दाराने बा प्रसादाची वाटी घेऊन आल्या. डबा, रुमाल, आईचे डोळे, सगळं त्यांनी एका नजरेत टिपलं आणि कपाळावर हात मारला. "अरे बेन! जवारा माटे तो कोरा घऊं जोईए! मने पूछवुं हतुं ने!"

बांकडे आषाढात नातीचं गौरीव्रत व्हायचं. पाच दिवस अळणी खाऊन मुली वाटीत जवारा रुजवतात, म्हणजे गव्हाचे कोंबच. त्यासाठी बा दरवर्षी तेल न लावलेले कोरे गहू वेगळे काढून ठेवत. भिंतीपलीकडच्या घरात हे ज्ञान होतं आणि आम्ही दार लावून बसलो होतो. मोठी माय अहिराणीत बोलत होती, बा सुरती गुजरातीत. एक 'आहे'ला 'शे' म्हणत होती, दुसरी 'छे', आणि दोघींचं मस्त जमलं. आईची गुजराती बांना कधी इतकी कळली नव्हती.

"पण आता मधेच पुन्हा पेरलेलं चालतं का?" आईने विचारलं. तिला भीती तीच होती.

"वावरमा दुबार पेरनी करतस ना? तठे कोन देवीले इचारस?" मोठी माय म्हणाली आणि पुरचुंडी सोडली. आत गहू होते, गावच्या कोठीतले, मधूनमधून कडुनिंबाची वाळकी पानं. घट तिचा राहिला नव्हता, तरी नवरात्रात रिकाम्या हाताने घराबाहेर पडवेना, म्हणून बरोबर घेतले होते. हे सांगताना तिचा आवाज साधाच होता. मला मात्र त्या क्षणी भाऊबंदांचा, चुलत आजोबांचा, सगळ्यांचा संताप आला.

ते गहू तिने कोमट पाण्यात भिजवले. संध्याकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधले. गावी असती तर पुरचुंडी चुलीशेजारी ठेवली असती. इथे वडिलांनी फ्रिजच्या मागची गरम जागा सुचवली. थंड करायच्या पेटीमागे ऊब असते हे तिला काही केल्या पटेना. हात लावून बघितलं तेव्हा हसली. मधूनमधून ती फडकं सैल करून दाण्यांना वारा देत होती. वडील माझ्याकडे बघून गुपचूप बोटं मोजत होते. पाणी, हवा, ऊब. वर्गात कधीही न गेलेल्या बाईने तिन्ही बरोबर दिले होते आणि वडील खूश होते.

सहाव्या दिवशी दुपारनंतर फडकं उघडलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ. मी मोजायला घेतले आणि मग मोजायचं सोडून दिलं, कारण न आलेला दाणा शोधावा लागत होता.

घट एकदा बसला की हलवायचा नसतो. म्हणून मोठी माय उंबऱ्यावरून सांगत गेली आणि आईने मडक्याला धक्का न लावता वाटीने भोवतीचा चिखल काढला, कोरडी माती पसरली, पाण्याचा हात फिरवला.

"माती कोठली शे?"

"तापीकाठची," वडील म्हणाले.

"मंग आपलीच. पूरमा वाहीसन आठेच येस."

आता फक्त पेरायचं होतं. आईने फडकं उचललं. ती तशीच उठली, उंबऱ्याशी आली आणि फडकं मोठ्या मायपुढे धरलं.

"तुम्हीच पेरा, जीजी."

"मन्हा हात आते कसा चाली?"

"माझा चालला का?" आई म्हणाली.

वडील उठले, सकाळचं वर्तमानपत्र घेतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत लूमवरून सुटलेले गाववाले येत जात. त्यांच्यापैकी कुणी आत डोकावू नये म्हणून ते तिथे बसले होते, हे मला समजलं आणि मोठ्या मायलाही समजलं असावं. तिने पुन्हा एकदा हात धुतले. उंबरा ओलांडून आत आली. परातीशी बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चिमटीने दाणे सोडू लागली. कुठे घाई नाही, कुठे गर्दी नाही. वरून पोळीवर पिठी भुरभुरावी तशी माती टाकली. तिची बोटं इतकी सराईत चालत होती की मधलं एक वर्ष घट बसला नव्हता हे खरं वाटू नये. पाणी शिंपडून झाल्यावर तिने हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. आई तिच्या मागे उभी राहून नाक ओढत होती.

दोन दिवसांत टोकं आली. दसऱ्याला कोंब तीन बोटं झाले होते. स्वयंपाकघरात ऊन येत नसल्यामुळे जरा पिवळट, पण दाट. पाच भाऊबंद आले, आपट्याची पानं दिली घेतली, आणि आजोबांनी आधी मोर्चा वळवला तो स्वयंपाकघराकडे. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. परातीच्या चहूबाजूंनी पाहिलं.

"कोंब आखूड शेत," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पन दाट शेत."

आईने सगळ्यांना एकेक तुरा दिला. पाचही जणांनी टोप्यांत खोवले. आजोबांनी टोपी नीट बसवली आणि आईकडे बघून मान हलवली. "धाकटीना हातले यश शे. ऱ्हाऊ द्या घट आठेच."

झालं होतं. आई गप्प बसली असती तर विषय तिथेच मिटत होता. मोठी माय ओट्याशी पाठमोरी उभी राहून चहा कपांत ओतत होती. आई गप्प बसावी असं मला इतकं वाटत होतं की मी तिच्या साडीचा काठ धरून ओढला. तिने माझा हात सोडवला.

"हात माझा नाही, आबा. जीजींनी पेरलंय."

चहाची धार थांबली. आजोबांचा हात टोपीकडे गेला आणि तुऱ्यापाशी अडकला. देवीचा तुरा डोक्यावर घेतलेला, तो काढून कुठे ठेवणार? त्यांनी बाकीच्या चौघांकडे पाहिलं. चौघांच्या टोप्यांत तुरे होते आणि चौघेही लादीकडे बघत होते. बाहेर कुणाच्या तरी घरात गरब्याची कॅसेट चालू होती.

आजोबांनी हात खाली घेतला. "चहा द्या," म्हणाले. मोठ्या मायने कप पुढे केला आणि त्यांनी तो तिच्या हातून घेतला.

ते गेल्यावर आईने परातीतला एक तुरा उपटला, मुळाशी पुसला आणि मोठ्या मायला काही बोलायची संधी न देता तिच्या अंबाड्यात खोवला. काका गेल्यापासून तिने केसांत काही माळलं नव्हतं. तिचा हात झटकन मागे गेला. मला वाटलं, आता काढणार. तिने तुरा चाचपला, जरा आणखी आत खोचला आणि उष्टे कप उचलायला लागली.